ख्रिस्तपुराणाच्या पोथ्या आणि संकटकाळची आशा

(१)

गोव्यांत किंवा मंगळूरच्या बाजूस जुन्या पोथ्यांच्या शोधार्थ हिंडणाऱ्या संग्राहकाच्या हातीं कधीं कधीं एक चमत्कारिक बाड लागतें. लिपि रोमन, शाई तांबूस पडलेली, कडा कसरीनें खाल्लेल्या, आरंभींचीं व शेवटचीं पानें गळालेलीं. तीं रोमन अक्षरें जुळवीत मोठ्यानें वाचूं लागावें, तों कानांवर पडते ती मराठी ओवी! हें बाड म्हणजे बहुधा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची त्रुटित नक्कल असते. संग्राहक तें थोडा वेळ चाळून पाहतो आणि बाजूस ठेवितो. त्यांत सनद नाहीं, वंशावळ नाहीं, मोडीचें वळण नाहीं. आणि मूळ ग्रंथ छापून प्रसिद्ध झालेला असल्यामुळें नवीन असें कांहीं पदरांत पडावयाचें नाहीं, असा त्याचा हिशेब असतो.

आम्हांस हा हिशेब चुकीचा वाटतो. ग्रंथांत काय लिहिलें आहे हें छापील पुस्तकावरून कळेल, हें खरें. परंतु तो ग्रंथ कोणीं, कोणत्या काळीं, कशाच्या आधारावर जतन केला हें सांगणारें साधन म्हणजे या नकलाच होत. ख्रिस्ती धर्मांत ‘आशा’ म्हणून ज्या गुणाचा महिमा सांगितला आहे, तो संकटांत सांपडलेल्या एका समाजांत प्रत्यक्ष कसा नांदला, याचा पुरावा या जीर्ण कागदांत आहे. तो कसा, हें साधार दाखविणें व संग्राहकांस एक विनंति करणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम ग्रंथकाराविषयीं थोडेंसें. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. त्या देशांत कॅथॉलिक पंथाच्या लोकांस ते दिवस कठीण होते. स्टीफन्स रोमास जाऊन १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून निघून २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. भारतांत येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचें नांव सांगतात. गोव्यास पोंचल्यावर त्यांनीं आपल्या वडिलांस जें पत्र लिहिलें, तें पुढें हक्लूत यानें १५८९ सालीं आपल्या प्रवाससंग्रहांत छापलें.

त्या पत्रांतील एक भाग आमच्या विषयास फार जवळचा आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढल्यावर, खलाशांची दिशा चुकून जहाज सोकोत्रा बेटाच्या बाजूस गेलेलें, माणसें आजारानें खचलेलीं, अशा स्थितींत भारताचा किनारा दिसण्यापूर्वी त्याच्या खुणा दिसूं लागल्या. आकाशांत पक्षी, पाण्यावर तरंगत आलेल्या झाडांच्या फांद्या, पोहणारे सर्प. जमीन अद्याप दृष्टीस पडलेली नाहीं, परंतु ती आहे आणि जहाज तिच्याकडेच चाललें आहे, याची खूण पटली आहे, अशी ती मनाची अवस्था होती. ख्रिस्ती आशेचें मर्म समजून घेण्यास याहून चांगला दाखला शोधण्याचें कारण नाहीं. तिकडे आम्ही पुढें वळूं.

स्टीफन्स यांचीं पुढील चाळीस वर्षें मुख्यत्वें गोव्याच्या साष्टी महालांत गेलीं. (मुंबईजवळची साष्टी ती निराळी.) हा महाल त्या काळीं शांत नव्हता. १५६७ सालीं पोर्तुगीजांनीं तेथील देवालयें पाडलीं होतीं. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें रुडॉल्फ आक्वाविवा आदिकरून पांच येशूसंघीय मारले गेले. त्यांचीं प्रेतें मिळवून आणण्याच्या कामीं स्टीफन्स यांचा हात होता. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकरांस बोलणीं करण्याच्या निमित्तानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून त्यांची कत्तल केली. दोन्ही बाजूंचें रक्त पाहिलेल्या या भूमींत ख्रिस्तपुराण जन्मास आलें, हें विसरून चालावयाचें नाहीं.

ग्रंथ लिहिण्याचें कारण स्टीफन्स यांनीं ग्रंथारंभींच सांगितलें आहे. धर्मशिक्षणाच्या प्रसंगीं एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून विचारता झाला कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? या प्रश्नामागें केवळ जिज्ञासा नाहीं. त्यांत उणीव आहे, किंबहुना दुःख आहे. ज्या राजसत्तेनें जुन्या पोथ्या हिरावून घेतल्या, तिच्याच छायेंत वावरणाऱ्या पाद्र्यापाशीं लोक नवी पोथी मागत आहेत. धर्म बदलला, तरी रात्रीं दिव्यापाशीं बसून ओवी ऐकण्याची भूक बदलली नव्हती. ती भूक ओळखून स्टीफन्स यांनीं मराठी भाषेंत, कोंकणीच्या छटा मिसळून, हें पुराण रचलें. यांतच या ग्रंथाच्या पुढील दीर्घायुष्याचें बीज आहे.

(३)

आतां आशा म्हणजे काय, याचा विचार करूं. मराठी वाचकांस हा शब्द कांहींसा फसविणारा आहे. आपल्या संतवाङ्मयांत ‘आशा’ ही बहुधा तृष्णेची बहीण म्हणून येते. ती बंधन होय, ती सुटल्यावांचून सुख नाहीं, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकतों. ख्रिस्ती धर्मशास्त्रांत मात्र विश्वास, आशा व प्रीति हे तीन ईश्वराभिमुख सद्‌गुण मानिले आहेत आणि आशा ही त्यांतील मधली. येथें आशा म्हणजे अमुक वस्तु मिळावी ही हांव नव्हे. तसेंच ‘सर्व ठीक होईल’ असें मनाचें समाधान करून घेणेंही नव्हे. ईश्वरानें वचन दिलें आहे, तो वचनास जागणारा आहे, म्हणून दृष्टीस न पडणाऱ्या गोष्टीची धीरानें वाट पाहावयाची, हा तिचा अर्थ. मराठींतील ‘भरंवसा’ हा शब्द या अर्थाच्या अधिक जवळ जातो. नव्या करारांतील इब्रीकरांस पाठविलेल्या पत्रांत तिला जहाजाच्या नांगराची उपमा दिली आहे. नांगर वादळ थांबवीत नाहीं. वादळांत जहाज वाहून जाऊं देत नाहीं, एवढेंच त्याचें काम. किनाऱ्यावरील श्रोत्यांस ही उपमा समजावून देण्याची गरजच नव्हती.

ही कल्पना ख्रिस्तपुराणाच्या सबंध रचनेंतच गोंवलेली आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ असे एकंदर ९५ ‘अवस्वरु’ म्हणजे अध्याय, आणि ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या आसपास. पहिल्या पुराणांत सृष्टीची उत्पत्ति, आदाम व एवा यांचें पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद, इस्राएल लोकांचें बाबिलोनांतील दास्य इत्यादि कथा आहेत. दुसऱ्यांत ख्रिस्ताचा जन्म, कार्य, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण. बायबलांतील कथांचा हा सारांश आहे एवढें म्हणून पुष्कळ अभ्यासक थांबतात. परंतु ग्रंथ क्रमानें ऐकणाराचा अनुभव काय असेल? पहिलें पुराण संपेपर्यंत तारणारा आलेलाच नसतो. छत्तीस अध्याय तो केवळ वचन ऐकत असतो, वचनाचा विसर पडलेल्या पिढ्या पाहत असतो आणि वाट पाहत असतो. आदामापासूनचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या ज्याची प्रतीक्षा करीत मरण पावले, त्या प्रतीक्षेंत श्रोताही सामील होतो.

दुसऱ्या पुराणांतही सुटका सरळ येत नाहीं. तारणारा येतो तो गोठ्यांत. लोक त्यास धरतात, छळतात, क्रूसावर खिळतात. आई क्रूसापाशीं उभी राहून शोक करते. पुनरुत्थान येतें, तें या सर्वांच्या पलीकडे, दुःखाचा एकही अध्याय न गाळतां. पुराण ऐकणारा गरीब कुणबी असो वा गांवकर असो, त्यास यांतून मिळणारा बोध असा कीं, संकट आलें म्हणजे ईश्वरानें टाकलें असें नव्हे. त्याच्या पुत्राची वाट याच संकटांतून गेली. ही शिकवण वादविवादाच्या रूपानें आली असती, तर ती पाद्र्याबरोबर निघून गेली असती. ती ओवीच्या रूपानें आली, म्हणून घरांत राहिली. ओवीचे पहिले तीन चरण एका यमकानें बांधलेले, चौथा आंखूड. एक चरण तोंडीं आला कीं दुसरा आपोआप ओढून आणतो. पुढें ज्या प्रसंगांत कागद जवळ नव्हता, त्या प्रसंगांत या बांधणीचें मोल कळून आलें असलें पाहिजे.

(४)

ग्रंथ प्रथम १६१६ सालीं साष्टींतील राशोल येथें छापला गेला. स्टीफन्स यांची इच्छा तो देशी लिपींत छापावा अशी होती. १६०८ सालीं त्यांनीं येशूसंघाच्या मुख्याधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत या लिपीचे खिळे पाडण्याविषयींची विनंति आहे. अक्षरांच्या जोडणीमुळें साचे सहाशेंच्या घरांत जातात, ही त्यांतील अडचण. ती दूर झाली नाहीं आणि ग्रंथ रोमन लिपींत निघाला. त्यासाठीं स्टीफन्स यांनीं पोर्तुगीज वर्णांवर एक नेटकी व्यवस्था बसविली. मूर्धन्य वर्णांसाठीं अक्षर दुहेरी लिहावयाचें, हा तिचा एक नियम. ‘पुराण’ शब्दांतील णकार दोन ‘एन्’ लिहून दाखविलेला आढळतो, तो यामुळें. १६१९ सालीं स्टीफन्स वारले. त्यानंतर त्यांची कोंकणींतील धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ सालीं व कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें. पुराणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आजवर उपलब्ध झालेली नाहीं.

संग्राहकांनीं येथें क्षणभर थांबावें. तीन वेळां छापलेला ग्रंथ, आणि त्याचें एक छापील पान हातीं नाहीं! याचें कारण शोधूं लागलें असतां तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे आमच्या किनाऱ्याची हवा, पाऊस व वाळवी. ती सर्वच कागदाची वैरी. दुसरी, पोर्तुगीज सत्तेचें भाषाविषयक धोरण. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा टाकून पोर्तुगीज भाषा बोलूं लागावें. ज्या राज्यांत मिशनऱ्यांनीं देशी भाषेंत पुराण लिहिलें, त्याच राज्यांत ती भाषाच अपराधी ठरली. तिसरी गोष्ट मुद्रणाची. १५५६ सालीं भारतांतील पहिला छापखाना ज्या गोव्यांत आला, त्याच गोव्यांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर मुद्रण बंद पडलें, तें १८२१ पर्यंत पुन्हां सुरू झालें नाहीं.

म्हणजे सुमारें दीडशें वर्षें या ग्रंथाची नवी प्रत मिळण्याचा मार्ग एकच उरला. तो म्हणजे हातानें नक्कल करणें. अकरा हजार ओव्या! दिवसास शंभर ओव्या उतरल्या, तरी एकशेंदहा दिवसांचें काम. शेतीभाती किंवा चाकरी सांभाळून दिव्याच्या उजेडीं लिहिणारास वर्ष सहज लागावें. ज्या भाषेस दरबारीं मान नाहीं, त्या भाषेंतील ग्रंथ, बाजारांत किंमत नसतां, मोबदल्याची अपेक्षा नसतां, पुढील पिढीसाठीं कोणी लिहून ठेवितो, तेव्हां त्याच्या मनांत काय असावें? ही पिढी गेली तरी वाचणारी पिढी येईल, हा भरंवसा त्या लेखनाच्या मुळाशीं आहे. नक्कल करणें हेंच येथें आशेचें कृत्य झालें आहे.

(५)

पुराण साष्टींत जन्मलें, तरी त्याच्या रक्षणाचा मोठा वांटा गोव्याबाहेर, मंगळूरकडे उचलला गेला. सोळाव्या शतकापासून गोव्यांतील हिंदु व ख्रिस्ती कुटुंबें निरनिराळ्या कारणांनीं दक्षिणेकडे कानड्यांत जाऊन राहिलीं. १५६० सालीं स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाचा जाच, दुष्काळ व रोगराई, आदिलशाही स्वाऱ्या हीं त्यांतील कारणें होत. आणि त्यांत आमच्या मराठ्यांच्या स्वाऱ्याही मोडतात. १६८३ सालीं संभाजी महाराजांनीं साष्टी व बारदेशावर स्वारी केली, आणि १७३९ सालीं मराठी फौजा पुन्हां साष्टींत शिरल्या. विजयाच्या बखरी आपण वाचतों, त्यांतील एका ओळीआड अशीं शेंकडों बिऱ्हाडें बैलांवर भांडीं लादून वाट चालत होतीं, हें इतिहासकारानें ध्यानांत ठेवावें. त्या बिऱ्हाडांबरोबर पुराणही गेलें.

याच समाजावर १७८४ सालीं सर्वांत मोठें संकट कोसळलें. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धांत कानड्यांतील ख्रिस्ती लोकांनीं इंग्रजांस साह्य केलें, असा टिपू सुलतानाचा ग्रह झाला. त्यानें त्यांस धरून, जमिनी जप्त करून, घाटावरून श्रीरंगपट्टणास नेलें. पाद्र्यांस हद्दपार केलें. बहुतेक देवळें पाडण्यांत आलीं. नेलेल्या लोकांच्या संख्येविषयीं आंकडे फार निरनिराळे आहेत. ते तीस हजारांपासून साठ हजारांच्याही वर जातात. वाटेंत व कैदेंत पुष्कळ मेले. तरुणांस पलटणींत घालून बळानें मुसलमान करण्यांत आलें. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें, तेव्हां उरलेल्यांची सुटका झाली. टिपूच्या राज्यनीतीचा समग्र विचार हा येथील विषय नव्हे. शृंगेरीच्या मठास त्यानेंच साह्य केलें आणि त्या मठाची लूट १७९१ सालीं मराठी सैन्याबरोबरच्या लोकांनीं केली, हेंही आम्ही जाणतों. येथें आम्हांस त्या पंधरा वर्षांतील कैद्यांच्या मनाचा शोध घ्यावयाचा आहे.

मंगळूरच्या ख्रिस्ती समाजांत परंपरेनें असें सांगतात कीं, पाद्री नसतां, देऊळ नसतां, या कैद्यांनीं स्टीफन्स यांच्या पुराणांतील ओव्या म्हणून आपला धर्म व धीर टिकविला.

(६)

परंपरा ही परंपरा म्हणूनच घेतली पाहिजे. ती समकालीन लेखाच्या तोलाची नव्हे. तथापि ती टाकून देण्यापूर्वी तिची छाननी करणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे. त्या दृष्टीनें तीन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट तारखेची. लोकांस धरण्याचा दिवस २४ फेब्रुवारी १७८४ असून तो राखेचा बुधवार होता, असें अनेक ठिकाणीं छापलेलें आढळतें. परंतु हीं दोन्ही विधानें एकत्र जुळत नाहींत. त्या वर्षीं पुनरुत्थानाचा सण ११ एप्रिल रोजीं आला होता. राखेचा बुधवार त्यापूर्वी शेंचाळीस दिवस येतो. म्हणजे तो २५ फेब्रुवारीस पडतो, आणि २४ तारखेस मंगळवार होता. एक दिवसाची ही चूक क्षुल्लक आहे, पण ती बोलकी आहे. ज्यांच्या हातून आंकडा निसटला, त्यांच्या मनांतून सण निसटला नाहीं. आपल्या आपत्तीचा आरंभ त्यांनीं सरकारी तारखेनें नव्हे, तर उपवासकाळाच्या पहिल्या दिवसानें स्मरणांत ठेविला. चाळीस दिवसांच्या उपवासाअंतीं पुनरुत्थान येतें, हें प्रत्येक ख्रिस्ती मुलास ठाऊक असतें. जो समाज आपल्या कैदेस उपवासकाळाचा आरंभ समजतो, तो तिच्या शेवटाविषयीं काय समजत असेल, हें निराळें सांगावयास नको.

दुसरी गोष्ट वयाची. कैदेच्या पहिल्या वर्षीं जन्मलेलें मूल १७९९ सालीं पंधरा वर्षांचें होतें. पाद्री हद्दपार, देवळें पडलेलीं, अशा काळांत वाढलेली एक सबंध पिढी सुटकेनंतर परत येऊन ख्रिस्ती म्हणवून घेते व देवळें पुन्हां उभारते, याचा अर्थ शिक्षण घरांतच चाललें होतें. घरांतलें शिक्षण म्हणजे आईबापांच्या व आजीआजोबांच्या तोंडचें, पाठ असलेलें, स्वभाषेंतलें. प्रार्थना, गाणीं व पुराणांतील ओव्या यांवांचून तें दुसरें काय असणार?

तिसरी गोष्ट कृतीची. सुटका होण्यापूर्वीच जे कैदेंतून निसटून कुर्गांत पोंचले, त्यांस तेथील राजा दोड्ड वीरराजेंद्र यानें आश्रय दिला. १७९२ सालीं विराजपेठ वसली, त्याच वर्षीं तेथें या लोकांचें संत आन्नाचें देऊळ उभें राहिलें. डोक्यावर स्वतःचें छप्पर धड झालें नसतां ज्यांनीं देवळाचा पाया घातला, त्यांची आशा कैदेंत विझली नव्हती, हें सिद्ध करण्यास दुसरा कागद नको.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. या कथेंतून ‘आशा धरली म्हणून सुटका झाली’ असें तात्पर्य काढूं नये. ज्यांनीं आशा धरली त्यांतील हजारों सुटका न पाहतां मेले. कित्येकांनीं बळापुढें मान तुकविली. त्यांस दोष देण्याचा अधिकार सुखांत बसलेल्या आम्हां लेखकांस नाहीं. श्रीरंगपट्टण पडल्यावर ज्यांस जबरीनें धर्म सोडावा लागला होता त्यांस पुन्हां पदरांत घेण्याचें काम आबे दुबुआ या फ्रेंच धर्मगुरूनें केलें. म्हणजे ख्रिस्तसभेनेंही त्यांच्या पडण्याकडे दयेनेंच पाहिलें. ख्रिस्ती आशेचें खरेपण तिच्या ऐहिक फळावरून ठरत नाहीं, असें त्यांचें शास्त्र सांगतें. आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांस तिच्या परमार्थाविषयीं निवाडा द्यावयाचा नाहीं. तिनें माणसांकडून काय करविलें, एवढेंच पाहावयाचें आहे. आणि तें असें कीं, तिनें त्यांस लिहावयास, पाठ करावयास, शिकवावयास व पुन्हां बांधावयास लाविलें.

(७)

सुटकेनंतरच्या शतकांत मंगळूरकडील घरांत या पुराणाच्या नकला जपल्या गेल्या. त्यांच्याच आधारें जोसेफ सालदान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ रोमन लिपींत छापून प्रसिद्ध केला. १६५४ नंतर अडीचशें वर्षांनीं पुराण पुन्हां छापखान्यांत गेलें, तें या घरगुती बाडांच्या पुण्याईनें. पुढें जस्टिन अ‍ॅबट यांनीं लंडन येथील मार्सडेनच्या संग्रहांत देवनागरी लिपींतील प्रत ओळखून १९२३ सालीं तिची वार्ता दिली. त्या प्रतींत दोन भागांस आदिपुराण व देवपुराण अशीं नांवें असून परिभाषा रोमन प्रतींपेक्षां अधिक संस्कृतनिष्ठ आहे. मूळ कोणतें व संस्करण कोणतें, या वादांत येथें शिरत नाहीं. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली. तीमुळें महाराष्ट्रांतील सामान्य वाचकास ग्रंथ सुलभ झाला. त्यानंतर १९९६ सालीं कारिदाद द्रागो यांची आवृत्ति आणि २००९ सालीं नेल्सन फाल्काव यांची, मार्सडेन प्रतीवर आधारलेली व गद्य रूपांतरासह, अशा आवृत्त्या निघाल्या. हस्तलिखितें गोव्याचें मध्यवर्ती ग्रंथालय, पिळारचा मठ, पर्वरीचें थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र व मंगळूरचें सेंट अलॉयशियस महाविद्यालय येथें जतन केलेलीं आहेत.

तेव्हां छापील संहिता हातीं आहे. मग एखादें त्रुटित बाड सांपडलें, तर त्यांत पाहावयाचें काय? आमची विनंति ती हीच.

संहितेबरोबर बाडाचा देह वाचावा. कोणतीं पानें बोटांच्या डागांनीं काळवंडलीं आहेत, कोठें मेणबत्तीचें मेण सांडलें आहे, कोणता अवस्वरु इतका हाताळला गेला कीं शिवण सुटली, हें टिपून ठेवावें. दुःखसहनाचे अध्याय झिजलेले व सृष्टीच्या उत्पत्तीचे कोरे असे आढळले, तर त्या घरानें पुराणापाशीं काय मागितलें हें आपणांस कळेल. पुष्पिका असल्यास ती अक्षरशः उतरून घ्यावी. त्यांत वर्ष, गांव व नक्कल करणाराची प्रार्थना असण्याचा संभव असतो. हस्ताक्षर किती वेळां बदललें हें मोजावें. एकानें अर्धवट टाकलेलें दुसऱ्यानें पुरें केलें असेल, तर दोन पिढ्यांची ती सांधेजोड होय. रोमन लेखनांतील दुहेरी वर्ण पाळले आहेत कीं नाहींत तें पाहावें. ते गळले असतील, तर लेखक पाहून नव्हे तर ऐकून किंवा आठवून लिहीत असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे, आणि तोंडीं परंपरेचा तो मोलाचा धागा ठरेल. समासांतील जन्ममृत्यूच्या नोंदी, औषधांचे पाठ, हिशेब हे कचरा समजून कापून टाकूं नयेत. जुनी शाई लोहयुक्त असल्यास ती कागद जाळीत जाते. म्हणून पानें उलगडतांना जबरी करूं नये, आणि बाड उन्हांत वाळवूं नये. सर्वांत मुख्य म्हणजे चार सुबक पानें काढून घेऊन बाकीचें बाड फेकून देण्याचा प्रकार सर्वस्वीं वर्ज्य करावा. आणि बाड ज्या घरांत सांपडलें, त्या घरच्या वृद्धांस त्यांतील कांहीं ओव्या येतात काय, हें विचारल्यावांचून उठूं नये.

आपल्या मंडळांनीं आजवर सनदा, महजर व पत्रव्यवहार यांच्यावर फार श्रम वेंचले, आणि ते योग्यच झालें. पण राज्यें कशीं चालली हें सांगणाऱ्या कागदांबरोबर, राज्यें कोसळत असतां साधीं माणसें कशाच्या आधारें उभीं राहिलीं हें सांगणारे कागदही आपल्या दप्तरांत असावयास हवेत. वारकऱ्याच्या घरची झिजलेली ज्ञानेश्वरी व साष्टीच्या ख्रिस्ती घरचें झिजलेलें पुराण हे या दृष्टीनें एकाच जातीचे दस्तऐवज होत. ते हातीं आले असतां लिपि परकी म्हणून किंवा धर्म परका म्हणून बाजूस सारणें, हें संशोधकास शोभणारें नाहीं.

किनारा दिसण्यापूर्वी पाण्यावर तरंगत आलेल्या फांद्या स्टीफन्स यांच्या सोबतच्या आजारी प्रवाशांनीं पाहिल्या, तेव्हां त्या फांद्यांस बाजारांत कांहीं मोल नव्हतें. तरी त्यांनीं त्या ओळखल्या, आणि पुढचे दिवस काढले. कसरीनें खाल्लेल्या या पोथ्यांची योग्यता तशीच आहे. ज्यांनीं त्या लिहिल्या ते आपल्या किनाऱ्यास लागले कीं नाहीं, हा त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न. ते कोणत्या दिशेस पाहत होते, हें मात्र या पानांवर स्पष्ट उमटलें आहे. तें पुसूं न देणें आपल्या हातीं आहे.